दोन व्याह्यांचं वळण

कोणाच्याही घरी गेल्या की बोगदेबाई आधी भिंतीवर टकटक करतात. आवाज पोकळ आला तर यजमानांकडे दयेने बघतात. सरबताची नळी तोंडाला लावण्याआधी ती वाकवून कुठे मोडते ते पाहतात. पाइपाचा तुकडा दिसला की त्याला डोळा लावतात. पलीकडून कोणी बघत असेल तर डोळा मारतात. जिन्याच्या वळणावर थांबून मनातल्या मनात एखादं कपाट वर चढवतात. आणि नवरा वाद जिंकत आला की त्यांना नेमकं कमी ऐकू येतं.

कालवा कार्यालयात त्या अभियंता. टेकडीच्या पोटातून शेतांकडे पाणी नेणारा जुना बोगदा त्यांच्या वडिलांनी खणला. म्हणजे अर्धा. उरलेला अर्धा सासऱ्यांनी. दोघे मुकादम. वडिलांची टोळी वरच्या तोंडाने आत शिरली, सासऱ्यांची खालच्या. मधोमध भेटायचं ठरलं होतं. भेटले नाहीत. एकमेकांचे सुरुंग समोरून ऐकू यायच्या ऐवजी शेजारून ऐकू यायला लागले, तेव्हा घोळ कळला. मग आडवं खणून दोन्ही अर्धे जोडले. म्हणून बोगद्याला मधोमध वळण आहे.

चूक कोणाची, यावर दोघे मुकादम भांडायला बसले आणि उठले ते व्याही होऊन. मुलांना विचारायचं गडबडीत राहून गेलं. भांडण मात्र मिटलं नाही. ते मुलीबरोबर सासरी आलं.

“वरचे आबा नेम धरताना एक डोळा मिटायचे की दोन्ही?” मास्तर विचारायचे. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान; जन्मभर पोरांना वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले.

“खालचे आबा कधी सरळ रेषेत घरी आलेत का? मग खणतील कसे सरळ?” बाई विचारायच्या.

चहा एवढ्यावरच संपायचा.

आता बोगदा थकला होता. छत दगड सोडत होतं, पाणी वाटेतच मुरत होतं. आतून नवं अस्तर घालायचं ठरलं. कशाचं, ते समितीने ठरवायचं होतं आणि शेतकऱ्यांतर्फे समितीवर खुद्द मास्तर होते. नमुन्याचे तुकडे बाईंनी घरी आणले. घराची रया गेली.

प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा त्यांनी पाण्याच्या टाकीत सोडला. तो तरंगला. बाईंनी त्यावर मास्तरांची टोपी ठेवली.

“तरंगणारच. त्यात काय मोठंसं?”

“पाइप आणि खडक यांच्यामधल्या फटीत पातळ सिमेंट ओततात, मास्तर. त्यात हा असाच उचलून छताला चिकटेल. दाबून धरायला तुम्ही जाणार का आत?”

मास्तरांनी टोपी काढून पिळली. “मग सिमेंटच फवारा.”

“दगड पडताहेत त्या छताखाली उभं राहून? तुमचा कोण नावडता विद्यार्थी आहे?”

उरलं पोलाद आणि उरला फायबरचा पाइप. मास्तरांचा जीव पोलादावर. मांजर फायबरच्या कड्यात जाऊन झोपलं.

“मांजराचं मत समितीत धरत नाहीत,” मास्तर म्हणाले.

बैठकीच्या दिवशी बाईंनी शिपायांना एक काम सांगितलं. भांडारातली लांब लोखंडी शिडी सभागृहात आणा. भांडार आणि सभागृह यांच्यामध्ये अरुंद बोळ होता आणि बोळाला कोपरा होता. शिडी कोपऱ्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. अध्यक्ष तिच्या पायऱ्यांतून डोकं काढून म्हणाले, “अहो बाई, हे काय?”

“पोलादी पाइप, साहेब. वळणावर आलाय.”

“मग आखूड तुकडे करून न्या की.”

“नेऊ. पण वळणावर आत बसून ते वेल्डिंगने जोडावे लागतील. धुराला बाहेर जायला वाट नाही. मास्तरांना विचारा, माणूस पाठवतील का?”

सगळे मास्तरांकडे वळले. मास्तर शिडीच्या पलीकडे उभे होते. बराच वेळ त्यांनी पोलादाच्या बाजूने काहीतरी शोधून पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “त्या धुरात मी कोणाला पाठवणार नाही. फायबरच घ्या. आखूड तुकडे एकात एक बसतात, प्रत्येक जोड थोडाथोडा वळतो.” मग आवाज चढवून म्हणाले, “पण पाइप बसला की ते वळण कायमचं झाकलं जाणार. त्याआधी चूक कोणाच्या बाजूची, ते मोजून काढा. माझ्या बापाच्या नावाचा प्रश्न आहे.”

“आणि माझ्याही,” बाई म्हणाल्या.

दोन्ही तोंडांच्या कमानीत मूळ रेषेची खूण म्हणून एकेक पितळी खिळा ठोकलेला होता. बाई मोजणीची दुर्बीण घेऊन आधी खालच्या तोंडाकडे गेल्या. सासऱ्यांची फजिती त्यांना गरमागरम हवी होती. खिळा नव्हता. होतं फक्त भोक, आणि त्याच्या कडेचं सिमेंट ताजं खरवडलेलं.

त्या घरी आल्या. मास्तरांची हत्यारांची पेटी उघडली. खिळा पकडीखाली होता, चिंधीत गुंडाळलेला. बाई मनसोक्त हसल्या. चिंधी जशीच्या तशी बांधून ठेवली.

मग त्या वरच्या तोंडाकडे गेल्या. तिथला खिळा जागेवर होता. वडिलांची रेषा सरळ निघाली, सरळ चालली. बाई गुणगुणत माप घेत वळणाजवळ पोहोचल्या. आता एकच माप राहिलं होतं. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. समोरची भिंत रेषेच्या किंचित डावीकडे सरकल्यासारखी वाटली. किंवा डोळा थकला असेल. त्यांनी गुणगुणणं थांबवलं. दुसरा डोळा लावून पाहायला वाकल्या, आणि सरळ उभ्या राहिल्या. माप न घेताच दुर्बिणीवर टोपण चढवलं.

“मग?” संध्याकाळी मास्तरांनी विचारलं.

“तुमच्या बाजूचा खिळाच सापडेना.”

“अरेच्चा! कुठे गेला असेल?”

“गेला असेल पाण्याबरोबर.”

“आणि तुमच्या बाजूचं माप?”

“काय म्हणालात?” बाई म्हणाल्या. त्यांना पुन्हा कमी ऐकू यायला लागलं होतं.

पाइप आत गेला, वळणावर नीट वळला. पाणी सुटलं, शेवटच्या शेतापर्यंत पोहोचलं. पाइपामागच्या खडकावर बाईंच्या लाल खडूच्या खुणा एकापुढे एक वळणापर्यंत जातात. शेवटची खूण करायची राहिली आहे.