अवकाशयुद्धाचा सातवा भाग

माझ्या पत्रकांना गावात एकच भरवशाचं गिऱ्हाईक होतं: किराणा दुकानदार. तो त्यात हळद बांधायचा. ‘आतातरी जागे व्हा’ हे माझं जाड टाइपातलं वाक्य हळदीसोबत घरोघरी पोचलं आणि तिथून चुलीत गेलं. कोणी जागं झाल्याचं मला कळलं नाही.

मुद्दा साधा होता. पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या नाल्यापलीकडे जंगल आहे आणि त्या जंगलात खाण येणार होती. माझी आई आणि अर्धं गाव उन्हाळ्यात तिथेच मोह वेचतं, तेंदूपान तोडतं. खाणीआधी कायद्याने जनसुनावणी घ्यावी लागते. साहेब येतात, मांडव पडतो, माईक फिरतो, लोकांनी बोलायचं असतं. शेजारच्या गावात अशी सुनावणी झाली तेव्हा मी मागे उभी होते. माईक फिरला. लग्नात पानसुपारीचं ताट फिरवावं तसा ज्याने त्याने तो पुढच्याकडे सरकवला. एक म्हातारी तेवढी बोलली: पंखा जरा इकडे करा म्हणाली. संध्याकाळी कागदावर आलं, ग्रामस्थांची हरकत नाही.

आता पाळी आमची होती. आमचंही गाव असंच मुकं बसलं तर जंगल गेलं. मी दारोदार फिरले. “बोलायला याल ना?” विचारलं की लोक म्हणायचे, “येऊ नं. पण बोलून राह्यली तू, आमी काऊन बोलाव?”

आणि हेच मुके लोक दर रविवारी बुद्धविहारात एका परग्रहावरून घसा फुटेस्तोवर भांडत होते.

त्याचं असं झालं. चंद्रपूरला नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ घर बदलताना विहारातल्या आमच्या वाचनालयाला पुस्तकांचं खोकं देऊन गेले. त्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं होती, ती कोणी उघडली नाहीत. आणि अवकाशयुद्धाच्या कादंबऱ्यांची मराठीत आणलेली मालिका होती, सहा जाडजूड भाग, ती कोणी खाली ठेवली नाही. तारायानांचं आरमार, त्याची सेनानी एक बाई, आणि एक छोटासा ग्रह, ज्याच्या पोटात निळा धातू आहे. साम्राज्य म्हणतं, आम्ही या ग्रहाचं रक्षण करतो. ग्रहावरचे लोक म्हणतात, कोणापासून? यावर सहा भाग लढाई.

आमच्या वाचनालयाचा एक नियम आहे, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. रविवारी वंदना झाली की पुस्तक परत करणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून मत द्यायचं. ‘मस्त आहे’ चालत नाही. कुठे मस्त, काऊन मस्त, ते सांगायचं. आणि ज्याने ते पुस्तक वाचलेलं नाही त्याने मध्ये तोंड घालायचं नाही. विहार बांधणाऱ्या म्हाताऱ्यांनी हा नियम घातला. त्यांच्या लहानपणी, एक पानही न उघडलेल्या लोकांनी त्यांना पुस्तकांच्या आधारे बरंच काही ऐकवलं होतं. वाचनालय आता अंगणवाडीच्या बाई सांभाळतात. लहान पोरांना जशा ‘हाताची घडी’ म्हणतात तशाच आवाजात त्या मोठ्यांनाही बसवतात.

त्या रविवारी होमगार्डमध्ये असलेला आमचा शेजारी चौथा भाग परत करत होता. तो म्हणाला, “आपण तं साम्राज्याच्या बाजूनं आहो. त्यायची जहाजं पाहा, शिस्त पाहा. ग्रहावरच्या लोकायजवळ का आहे? बोगदे.”

“घर आहे त्यायचं ते,” आई म्हणाली. “तुले बोगदा दिसते. अन् ते सेनानी, दर भागात लढाई जिंकते अन् दर भागात म्हणते, आता हे शेवटची. मले तिचा भरोसाच नाई.”

“तुमाले कोणाचाच भरोसा नाई, वयनी.”

“तुया तं बिलकुलच नाई.”

आठवडी बाजारात शिलाई मशीन मांडणारे चाचा हात वर करून उभे राहिले. त्यांची तक्रार साहित्यिक होती. “सहा किताबा झाल्या, एकाचं बटन तुटलं नाई. इतकी मारामारी, अन् वर्दी कडक इस्त्रीची. लिहिणारा कधी कपडे पहनतच नसन.”

लोक हसत होते. माझं डोकं तापलं. मी उभी राहिले आणि पत्रकात लिहिते तसंच बोलले: ही युद्धखोरी आहे, ही मालिका म्हणजे साम्राज्यवादाचा गोड पेढा आहे, आपलं जंगल जात असताना आपण आकाशातल्या खाणीवर वाद घालतो याची लाज वाटली पाहिजे.

अंगणवाडीच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “कोणता भाग वाचला तू?”

“वाचायची गरज काय? मुखपृष्ठावरच तोफा आहेत.”

“मंग बस वं खाली.”

मी बसले. चळवळीत मला पोलिसांनीही कधी इतक्या लवकर बसवलं नव्हतं.

खाणीमुळे जंगलाचं आणि गावाचं काय होईल, याचा खाणवाल्यांनी केलेला अहवाल इंग्रजीत होता, पण त्याचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला होता. ठेवला होता म्हणजे कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो चंद्रपूरला. बऱ्याच खेपा मारून मी त्याची प्रत काढली, दोन झेरॉक्स केल्या, त्या जाड पुठ्ठ्यात शिवून घेतल्या आणि वाचनालयात नेऊन दिल्या. म्हटलं, एखादा तरी चाळेल. बाईंनी कपाटासमोर उभं राहून विचार केला. धम्माच्या खणात तो बसत नव्हता, परीक्षेच्याही नाही. शेवटी त्यांनी दोन्ही प्रती अवकाशयुद्धाच्या सहाव्या भागाशेजारी ठेवल्या.

“इथे?” मी म्हटलं.

“जमिनीतला धातू, मोठ्या मशिनी, बाहेरचे लोक. इथीच बसते.”

मला हा अपमान वाटला. जंगलाच्या जीवनमरणाचा दस्तऐवज तारायानांच्या शेजारी! मी घरी जाऊन त्याविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. मग लक्षात आलं की हे पत्रक मी आईविरुद्ध लिहिते आहे, कारण पहिली प्रत तिनेच उचलली होती.

सहाव्या भागासाठी रांग मोठी होती. ज्यांचा नंबर लांब होता ते मधल्या काळात सारांश, म्हणजे ‘सातवा भाग’, नेऊ लागले. आधी गंमत म्हणून. पण नेलं की परत करावं लागतं, आणि परत करताना उभं राहावं लागतं. वाचल्याशिवाय सुटका नाही.

पहिले चाचा उभे राहिले. म्हणाले, “इसमे हिरोच नाई. कोणी काई करतच नाई. सगळं होते. ‘वृक्षतोड केली जाईल.’ ‘स्थलांतर करण्यात येईल.’ कोण करीन? नावच नाई. इतका डरपोक लेखक म्या देखला नाई.”

आईचं मत जास्त कडक होतं. “सुरवातीच्या नकाशात आपला नाला आहे. मधात एका जागी त्याले ‘हंगामी जलप्रवाह’ म्हनलं. शेवटच्या नकाशात नालाच नाई. कुठी गेला? माणूस मेला तं सांगा लागते नं गोष्टीत, कसा मेला ते.”

“पुढच्या भागात येईन,” मागून कोणीतरी म्हणालं.

होमगार्डलाही मत होतं. त्याने नोकऱ्यांचं प्रकरण दोनदा वाचलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं. “पोरगा माया दोन साल झाले भरतीसाठी रोडानं धावून राह्यला. खाण आली तं कमीत कमी धावणं बंद होईन.” मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सारांश मी शब्द न् शब्द वाचला होता, मला बोलायचा हक्क होता. पण त्याचा पोरगा रोज आमच्याच दारावरून धावत जायचा, म्हणून मी तोंड मिटलं. रागात होते, एवढं इथे नमूद करते.

जाता जाता चाचांनी माझं पत्रकही निकालात काढलं. “बेटा, हळदीचा कागद होता तो, पढला म्या. पैला पॅरा बढिया. मंग तेच ते.”

सुनावणीच्या दिवशी मांडव होता, कूलर होते, नाश्त्याला आलुपोहे होते. मंचावर सुनावणीचे साहेब, त्यांच्या शेजारी खाणवाल्यांचा माणूस, पांढऱ्या शर्टात. त्याने पडद्यावर हिरवी झाडं दाखवली. मग माईक खाली आला. पहिल्या रांगेतल्याने तो दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. मी डोळे मिटले.

तिसऱ्या खुर्चीवर आई होती. ती उठली. हातात शिवलेली झेरॉक्स होती. तिने माईक घेतला आणि विहारात बोलते तशीच सुरू झाली. “हे पुस्तक मी परत करून राह्यली. माझं मत असं आहे.”

मांडवात हशा पिकला, पण आमच्या लोकांचा. साहेबांना काही कळलं नाही. आईने नाला विचारला. तिच्यानंतर चाचा उठले आणि ‘करण्यात येईल’ म्हणजे कोण, असं विचारलं. मग एकामागून एक. कोणी भाषण केलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. माझ्या सगळ्या घोषणा वाया गेल्या. अमक्या पानावर मोहाची झाडं विरळ लिहिली, ती काऊन? तमक्या पानावर आमचं गाव खाणीपासून लांब, पुढच्या पानावर जवळ, गाव चालते का? होमगार्ड उठला आणि खाणीच्या बाजूने बोलला. त्याला कोणीही हूट केलं नाही. त्याने वाचलं होतं.

पांढरा शर्ट मंचावरून उठला. म्हणाला, या शंका गैरसमजातून आलेल्या आहेत, मूळ अहवालात नाल्याचा सविस्तर विचार केलेला आहे.

माईक फिरून आईकडेच परत आला होता. तिने विचारलं, “तुमी वाचला का तो?”

“आमच्या तज्ज्ञांनी तयार केला आहे.”

“तुमी, भाऊ. तुमी वाचला का?”

तो म्हणाला, त्याने सादरीकरण पाहिलं आहे.

“मंग बसा खाली,” आई म्हणाली.

त्यात उद्धटपणा नव्हता. ती नियम सांगत होती. आणि त्याहून आश्चर्य म्हणजे तो बसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, समोरच्या कागदांकडे पाहिलं, आणि मला ठाम वाटतं की त्या क्षणी ‘तुमी वाचला का’ हा प्रश्न आपल्यापर्यंत येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. सुनावणी तहकूब झाली. पूर्ण अहवाल मराठीत उपलब्ध करून द्यावा, मग पुढची तारीख, असं ठरलं. ‘उपलब्ध करून द्यावा’ हे कोणी, ते चाचांनी तिथल्या तिथे वदवून घेतलं.

जंगल वाचलं असं मी लिहिणार नाही. पत्रकात लिहिलं असतं. खाण रद्द झालेली नाही, पुढे ढकलली आहे, आणि पुढे ढकललेल्या गोष्टी आमच्या जिल्ह्यात वाट पाहण्यात फार पटाईत असतात.

अहवाल मात्र आला. दोन जाडजूड खंड, मराठीत, सहाव्या भागापेक्षा मोठे. बाईंनी ते त्याच खणात ठेवले. पुढच्या सुनावणीआधी मला ते हवे होते, पण माझा नंबर आईच्या मागे होता, आणि आईचा होमगार्डच्या मागे. पहिला खंड त्याने उचलला तो काही परत येईना. दोन रविवार तो विहारात फिरकलाच नाही. मला संशय आला. खाणीच्या बाजूचा माणूस, पुस्तक दाबून ठेवलं असणार. मी भांडायच्या तयारीने त्याच्या घरी गेले.

तो अंगणात बाजेवर पालथा पडून वाचत होता. पोरगा शेजारी बूट काढत होता, नुकताच धावून आलेला.

“भाऊ, पुस्तक कधी देता? रांग लागली आहे.”

त्याने मान वर केली नाही. पानावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मला थांबायची खूण केली.

“थांब वं जराशीक. आता कुठी नाला आला.”