वाळक्या पानातले घर

निंबानाना यांचा आणि माझा परिचय माझ्या चुकीने झाला. यावलजवळ केळीच्या बागेच्या बांधावर चोपड्याचे हे निवृत्त चित्रकला शिक्षक गुडघे टेकून कोळ्याच्या जाळ्याचे छायाचित्र घेत होते. जाळ्याच्या मधोमध एक वाळके, गुंडाळलेले पान अडकले होते. मी वाणिज्य शाखेचा; टापटिपीची सवय. चौकट स्वच्छ यावी म्हणून मी ते पान काढून फेकले.

नानांनी कॅमेरा खाली घेतला. "भाऊ, तो कचरा नही शे. तिनं घर शे."

कोळ्याची मादी त्या पानात राहत होती. त्या दिवशी नानांनी पुढे एकही छायाचित्र घेतले नाही. पण मला शेजारी बसवून जाळे कसे पाहावे, हे शिकवले.

नानांचे नियम कडक आहेत. कोळ्याला हलवायचे नाही. जाळ्यावर पाणी शिंपडून खोटे दव आणायचे नाही. टिपलेले छायाचित्र मात्र ते आधी बागेतल्या मजूर बायांना दाखवतात. एकदा एक अक्का म्हणाल्या, "नाना, हिले आठ डोया? आम्हना मालकले दोन शेतस, तरी आम्ही दिसतस नही!" आज त्याच अक्का जाळे दिसले की नानांना हाक मारतात. तशाच पानातली दुसरी मादी त्यांनीच शोधून दिली.

नानांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर तिचेच छायाचित्र असावे, असे मी संपादक म्हणून सुचवले. गौरव समितीच्या धुळ्याच्या बैठकीत विरोध झाला. कोळी अशुभ, मोर लावा. मी तिथूनच नानांना फोन केला. ते म्हणाले, "मोर लावना व्हई, त सत्कारबी मोरनाच करा!" हे वाक्य मी इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवले. कोळी नसेल तर संपादकही नसेल, हे त्याखाली लिहून सही केली.

कोळी राहिला. ज्यांना तो खटकतो, त्यांनी ग्रंथ खुशाल उलटा ठेवावा. मोर मागेही नाही.

गेल्या आठवड्यात मुद्रकांचा फोन आला. "साहेब, मुखपृष्ठावर मधोमध कचरा आलाय. पुसून टाकू?"

"हात लावू नका," मी म्हणालो. "तिथे कोणीतरी राहते."

नानांची नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि त्यांचे गुडघे शंभरीपर्यंत त्याच बांधावर टेकत राहोत. पान आम्ही सांभाळू.