कल्हईचं तांबं

शिरगावात कमलाकांतला कोणी वेडा म्हणत नसे. हाताचा पक्का, तोंडाने गोड, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एवढंच होतं, की अमुक धंद्याला पुढे फार चांगले दिवस आहेत असं तो म्हणाला, की त्या धंद्यातली माणसं धास्तावत. ज्या वर्षी गावात घरटी मोबाइल आले, त्याच वर्षी त्याने नाक्यावर एसटीडीचा बूथ उघडला होता. पुढे खाडीकाठी कोळंबीचं तळं घेतलं. एका उधाणाच्या भरतीने बांध फोडला आणि सगळी कोळंबी समुद्रात निघून गेली. बायको चंद्रकांता तेव्हा फुटलेल्या बांधावर उभी राहून म्हणाली होती, "जाऊ दे, आपापल्या घरी गेली." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. कमलाकांतला तेच जास्त लागलं.

आयुष्यात एकदा तरी आपला अंदाज खरा ठरावा, आणि तो चंद्रकांताने आपल्या डोळ्यांनी बघावा, ही त्याची इच्छा होती. बाकीच्या इच्छा वयाबरोबर गळून गेल्या, ही तेवढी राहिली.

घर मात्र त्याने तांब्यावर चालवलं. बाप होडीवर गेला, भाऊ होडीवर गेला, पण कमलाकांतला समुद्र लागायचा. मासेमाराच्या पोराला समुद्र लागावा यासारखी लाजेची गोष्ट नाही. म्हणून तो बोईसरच्या बाजूला सरावलीत एका गाळ्यात मोटारींचं वाइंडिंग शिकला आणि जन्मभर तेच करत राहिला. कारखान्यांतल्या जळालेल्या मोटारी यायच्या. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची, वार्निशमध्ये बुडवायची. नवी तार रिळावरून सुटताना जो रंग दिसे, तो त्याला फार आवडे. संध्याकाळी सूर्य पार पाण्याला टेकला की वाळूवर तसाच रंग पडतो. कमलाकांत तो बघत सुरूच्या झाडांखाली बसून राही, आणि चंद्रकांता दोनदा हाक मारून कंटाळे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गाळ्यात वेगळ्या मोटारी यायला लागल्या. आधी बॅटरीवरच्या रिक्षांच्या आल्या, मग एकदा बॅटरीवरच्या बसची आली. ती उघडली आणि कमलाकांत बघतच राहिला. आत तारेऐवजी तांब्याच्या पट्ट्या दाटीवाटीने बसवलेल्या होत्या. एवढं तांबं त्याने एका गाडीत कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्याला डबा गोड लागला नाही. जगात गाड्या किती, आणि त्या सगळ्या उद्या अशा झाल्या तर तांबं येणार कुठून, हाच हिशेब डोक्यात फिरत राहिला. मग फोनवर तो त्याबद्दल ऐकू लागला. पवनचक्क्यांना तांबं लागतं, सूर्याच्या विजेला लागतं. शिवाय ती कॉम्प्युटरची मोठमोठी गोदामं, जिथे म्हणे माणसं नसतात आणि यंत्रं रात्रंदिवस विचार करत बसतात, त्यांनाही तांब्यावाचून विचार सुचत नाही. खाणी जुन्या झाल्यात, नवी खाण उभी राहायला वर्षानुवर्षं जातात. कमलाकांत ऐके आणि मान डोलवी. हे सगळं आपण मोटारीच्या पोटात आधीच बघितलंय, असं त्याला वाटे.

निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्याने ठरवलं, तांबं घ्यायचं. वापीला असलेला मुलगा दर्पण म्हणाला, "बाबा, फोनवरून पण घेता येतं. कंपन्यांचे शेअर घ्या." कमलाकांतला ते पटलं नाही. हाताला लागत नाही ते आपलं कसं? पण तार घ्यावी तर त्यात वेगळीच भानगड. बोईसरकडे केबल चोरीला जाण्याचे प्रकार नेहमीचे. म्हाताऱ्याच्या घरात तारेची भेंडोळी सापडली तर आधी कोठडी, मग चौकशी. म्हणून त्याने डोकं लढवलं. भांडी घ्यायची. जुने टोप, पातेली, एखादं घंगाळ. भांड्यांवर कोणाला संशय येतोय?

मग त्याने आसपासची गावं पालथी घातली. माळ्यावर पडलेली, वापरातून गेलेली भांडी लोक आनंदाने देत. एकेक टोप असा, की त्यात लहान पोर आंघोळीला बसावं. चंद्रकांताने चिंच आणि मीठ घेऊन ती सगळी घासली. स्वयंपाकघरात भिंतीशी फळी टाकून, जशी रिकामी भांडी ठेवायची रीत आहे, तशी पालथी मांडून ठेवली. दुपारी कौलातल्या काचेतून ऊन खाली उतरलं की सगळं स्वयंपाकघर लालसर होऊन जाई. कमलाकांत जेवून तिथेच चटईवर आडवा होई आणि डोळा लागला की त्याला एकच स्वप्न पडे. भांडी फळीवरून उतरून, एकामागून एक, सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे चाललीयत. शिरगावच्या किल्ल्यातल्या फाटे फुटलेल्या ताडाखालून जातात, वाळूत त्यांच्या पावलांचे गोल ठसे उमटतात, आणि ती शांतपणे पाण्यात शिरतात. मग दूर पाण्यावर दिवे लागत जातात. रस्त्यांवरून गाड्या जातात, पण आवाज अजिबात नाही, फक्त वारा. आणि काठावर उभी राहून चंद्रकांता म्हणते, "तुमी बोलत होता ते खरं झालं."

जागा झाला की चंद्रकांता समोर बोंबील साफ करत बसलेली असे, आणि तसं काही म्हणत नसे.

तिला त्याने भांड्यांचं कारण सांगितलंच नव्हतं. कोळंबीनंतर तिच्याजवळ धंद्याचा शब्द काढायची त्याची टाप नव्हती. "असू देत घरात," एवढंच तो म्हणाला होता. तिनेही विचारलं नाही. गावात मात्र ती सांगत सुटली होती, की यांनी माझ्यासाठी भांडी आणली.

यामागे एक जुनी गोष्ट होती. लग्नात मामा नवरीला तांब्याची भांडी द्यायचा, अशी त्यांच्यात पद्धत. थोरली जाऊ रखमाबाई आली ती तांब्याचा टोप घेऊन. चंद्रकांताच्या मामाची होडी त्या वर्षी फुटलेली, त्याने जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, स्वस्तातली भांडी दिली. त्यानंतर घरात काही कार्य निघालं की कालवण रखमाबाईच्या टोपात शिजे, आणि चंद्रकांताचा टोप मागच्या दारी मासे धुवायला जाई. कोणी तिला टाकून बोललं नाही. पण दर वेळी रखमाबाई आपला टोप पदराने पुसून आत नेई, तेव्हा चंद्रकांता दुसरीकडे बघे. कमलाकांतला हे माहीत होतं, म्हणजे नवऱ्यांना जसं माहीत असतं आणि विसरलेलं असतं, तसं.

मध्ये तो वापीला नातवाच्या वाढदिवसाला जाऊन आला. घरात पाऊल टाकलं तर नवसागराचा उग्र वास. "कसला वास गं?" त्याने विचारलं. "काय नाय, चूल धुरली," ती म्हणाली. फळीवर भांडी होती तशीच पालथी, लालबुंद. त्याने त्यांना डोळे भरून बघितलं आणि फोन काढून भाव बघितला. भाव चढला होता.

तो पुढेही चढतच गेला. फोनवरची माणसं तांब्याबद्दल आता घाईघाईने बोलायला लागली. कमलाकांतची झोप उडाली, भूक गेली. चेहऱ्यावर मात्र तेज आलं. सुरूच्या झाडांखाली संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींना त्याने अखेर सगळं सांगून टाकलं. बालमित्र आनंदा तेवढा हसला. म्हणाला, "समुद्र काय सगळ्यांचीच कोळंबी नेत नाय. तुजीच नेतो." कमलाकांत म्हणाला, "परवा बोईसरचा भगवंत येतोय टेम्पो घेऊन. बघायला ये."

भगवंत भंगारचा व्यापारी, तोंडावर नेहमी हसू आणि काट्यावर नेहमी नजर. चंद्रकांता किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला गेलेली असताना तो यावा, असं कमलाकांतने मुद्दाम ठरवलं होतं. पैसे आधी हातात यावेत, मग ते तिच्या ओंजळीत ठेवावेत आणि मग सगळं सांगावं. अंगणात आनंदा आला, आणखी दोघं-तिघं आले. समोरच्या ओटीवर रखमाबाई लसूण सोलत बसली होती. कमलाकांतने एकेक भांडं उचलून पालथंच अंगणात आणून मांडलं. सगळं अंगण उजळलं. भगवंतनेसुद्धा मान हलवून दाद दिली.

मग त्याने पहिला टोप उताणा केला. आतून तो चांदीसारखा पांढरा होता. त्याने दुसरा उलटला, तिसरा उलटला. सगळे आतून पांढरे.

"काका, कल्हई केलीत?" भगवंत म्हणाला. "ह्या तांब्याला शुद्धाचा भाव नाय येत. कथील लागलंय ना. तरी पण तुमची खरेदी जुनी हाय, नुकसान नाय होणार. नफा थोडा कमी सुटेल."

कमलाकांतच्या डोक्यात काही शिरलं नाही. टोपाच्या आत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, वाकडं आणि घामेजलेलं. इतक्यात रिकामी पाटी घेऊन चंद्रकांता आली. तिने टेम्पो बघितला, काटा बघितला, उताणे पडलेले टोप बघितले.

"कल्हई तू केलीस?" त्याने विचारलं.

"केली. बोंबलाच्या पैशातनं केली," ती म्हणाली आणि आत गेली.

तो तिच्या मागोमाग आत गेला. त्याला राग आला होता. वर्षानुवर्षं वाट बघून एक अंदाज खरा ठरला, आणि नेमकं घरच्या माणसाने त्यावर कथील फासलं. पण आत रिकाम्या फळीपुढे ती अशी उभी होती, की त्याला रागाने बोलणं जमेना.

"ती तुज्यासाठी नव्हती आणली गं," तो म्हणाला. "विकायला आणली होती. भाव वाढनार म्हनून."

"म्हाईत हाय मला," चंद्रकांता म्हणाली. "रोज फोनमदी भाव बघता. मी काय आंदळी हाय?"

"मग कल्हई कशाला केलीस?"

ती पाटी खाली ठेवत म्हणाली, "रखमाबाईला सांगितलं होतं, यांनी माज्यासाठी आणली. सांगायला बरं वाटायचं. एक दिवस ती म्हनाली, तुजी हायेत तर कल्हई का नाय? कालवण कशात करशील? मग केली. कल्हईवाला आता कुटं मिळतो, तुमी वापीला गेला तवा पालघरवरनं बोलावला." तिने पदराने हात पुसले. "न्या तुमी. टेम्पो खोळंबलाय. किती दिवस वाट बघितलीत."

कमलाकांत तिथेच उभा राहिला. वरच्या काचेतून ऊन उतरत होतं, पण फळी रिकामी होती आणि स्वयंपाकघर साध्या पिवळ्या उजेडात होतं. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आयुष्यभर तो पुढे काय येणार ते शोधत राहिला होता, आणि ही त्याच्या शेजारी बसून न मिळालेल्या गोष्टीची खोटी खोटी मजा घेत होती.

तो बाहेर आला. भगवंतने काटा लावला होता. कमलाकांत म्हणाला, "राहू दे. विकायची नाय."

"अहो काका, घाटा नाय होत तुमाला..."

"घाट्याचं नाय रे." आणि मग त्याने आवाज चढवला, समोरच्या ओटीवर नीट ऐकू जाईल इतका. "तिची भांडी हायेत. मी तिच्यासाठी आणलीत. तिच्या मामाला जमलं नाय, मला उशिरा का व्हईना, जमलं."

रखमाबाईचा लसूण सोलणारा हात थांबला. आनंदा हसत म्हणाला, "म्हंजे हे पन बुडालं म्हनायचं." कमलाकांतच्या ओठांवर उत्तर आलं होतं. आजचा भाव, खरेदीचा भाव, सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "बुडालं." मंडळी पांगली. उद्या संध्याकाळी सुरूखाली काय काय बोललं जाईल ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. टेम्पो रिकामा गेला.

सगळ्यांत मोठा टोप उचलून तो आत आला. चंद्रकांता ताजे बोंबील कापत बसली होती. तिने वर बघितलं नाही. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं, हे तिच्या कानांच्या पाळ्यांवरून कळत होतं. त्या लाल झाल्या होत्या.

"आज भाव किती हाय?" तिने विचारलं.

"कालच्यापेक्षा चढलाय. अजून चढंल."

"मग तुमी बोलत होता ते खरं झालं," ती म्हणाली.

कमलाकांतने चुलीवरचा जर्मनचा टोप बाजूला काढला आणि तांब्याचा चढवला. मग दारापर्यंत जाऊन त्याने रखमाबाईला जेवायला हाक मारली.