उतारावरचा हनीफ

तळवडे आणि निघोजे यांच्यामधून इंद्रायणी वाहते. तळवड्याचा कांदा चाकणच्या बाजारात न्यायचा तर मोशीच्या पुलावरून लांबचा वळसा, नाहीतर हनीफचा उतार. तिथे पाणी गुडघाभर, तळ घट्ट. तरी हनीफ आधी स्वतः काठीने तळ चाचपत पार जाऊन यायचा आणि मगच गाडीच्या बैलांच्या पुढे चालायचा. अकरा वर्षांत त्याने एकही गाडी बुडू दिली नव्हती. मिरवावं असं त्याच्याजवळ तेवढंच होतं.

त्र्याहत्तर साली पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते आणि वाळूचे ट्रक नदीवर यायला लागले होते. त्यांच्यावर देखरेख हिंदुरावची. हनीफ आणि तो एकाच डोहात पोहायला शिकलेले. उताराला हात लावू देणार नाही, असा त्याने हनीफला शब्द दिला होता.

बहिणीच्या, कनीजच्या लग्नासाठी हनीफ चार दिवस मंचरला गेला. परतला तेव्हा काठावर मंजुळाबाई कांद्याची गाडी जुंपून वाट बघत होती. बाजाराला उशीर झाला होता. हनीफने काठी उचलली.

बिडी ओढत बसलेला हिंदुराव हसला. "पाव्हणा दिसतोयस नुसता. नवी इजार दोनदा कशाला भिजवतोस? सकाळीच पार जाऊन आलोय मी. हाय तसा हाय उतार."

हनीफने काठी ठेवली आणि बैलांपुढे पाण्यात शिरला. मधोमध पोचला आणि एकदम गळ्यापर्यंत गेला. मागचा भार बैलांना थांबू देईना. बैलांच्या गळ्यातली जोती कापेपर्यंत डावा बैल गेला होता.

हिंदुराव त्या दिवशी पाण्यात उतरलाच नव्हता. हनीफ नसताना ट्रकवाल्यांनी वाळू काढली ती उताराच्या खालच्या अंगाला, गाडी वरच्या अंगाने निघून जाईल, असा त्याने अंदाज बांधला होता. हे त्याने नंतर कबूल केलं, तेही एकट्या हनीफजवळ.

काठावर माणसं जमली. मंजुळाबाईने एवढंच विचारलं, "हनीफ, आज पाण्यात उतरून बघितलं व्हतंस का?"

"न्हाई."

हनीफ हिंदुरावकडे बघत राहिला. हिंदुराव उरलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"चल मावशी," तो म्हणाला, "राहिलाय तेवढा कांदा ट्रकात टाक. चाकणला सोडतो."

मंजुळाबाई ट्रकात बसून गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हनीफने खड्ड्याच्या वर नवी घट्ट वाट शोधली. चार वेळा चालून बघितली. मग काठावर बसला. दुपारपर्यंत एकही गाडी आली नाही.