नको म्हटलेला चहा

वडील हट्टी होते, पण हट्टापेक्षा त्यांची लाज मोठी होती. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. सारखं उठावं लागे, उभं राहून वाट पाहावी लागे, धार धड लागत नसे. घरात सगळ्यांना दिसत होतं, पण विचारायची सोय नव्हती. मास्तरकी केलेला माणूस. आपला इलाज त्यांनी आपणच काढला. बाहेर जायचं असलं की पाणी बंद, चहा बंद.

दर शुक्रवारी, मित्राची नमाज झाली की, ते पडेगावला त्याच्याकडे जात. मित्र शिंपी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर हिंदू-मुसलमान एकमेकांची दारं टाळत होते, तेव्हाही वडील चाचांच्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत चहा प्यायचे. त्या घरात त्यांनी चहाला कधी नाही म्हटलं नव्हतं. आता मात्र दर खेपेला 'नको' म्हणू लागले.

एक दिवस चाचा आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"मास्तर, तवा आमच्या चहानं बाटला नाय, आता बाटता व्हय?"

वडील खुर्चीत मान खाली घालून बसलेले. एवढं ऐकूनही लाज सोडेनात! मला असा संताप आला.

"चाचा, त्यांना लघवीचा त्रास आहे," मी ओरडलोच. "तुमच्याकडे सारखं उठावं लागू नये म्हणून चहा सोडलाय."

चाचा उंबरा ओलांडून वडिलांपाशी आले.

"या अल्ला! मी त्याचीच गोळी खातोय, मास्तर. शरमेनं तुमाला बोललो नाय."

त्यांनीच वडिलांना आपल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी समजावलं, की वयाबरोबर मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीची नळी चेपते. पुष्कळांना होतं, पण तपासून घ्यायलाच हवं. सुदैवानं तपासणीत काळजीचं काही निघालं नाही. गोळी सुरू झाली. पाणी तोडू नका, चहा तेवढा कमी करा, असं त्यांनी बजावलं.

पुढच्या शुक्रवारी मीही पडेगावला गेलो. चाचांनी एका कपाचा चहा दोन कपांत अर्धा अर्धा केला. वडिलांनी दोन घोट घेतले, चुळबुळले आणि भर बैठकीतून उठून मागं गेले. बराच वेळ आले नाहीत. चाचांनी त्यांच्या कपावर बशी झाकली आणि मागच्या दाराकडे हाक दिली,

"आरामात होऊ द्या, मास्तर. चहा कुटं पळत नाय."