पाठीवरचं पोर

पडदेकाकांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक उभं राहतं ना, त्याच्या मागचा पडदा रंगवायचे, म्हणून पडदेकाका. तीस वर्षं हाच उद्योग, आणि तीस वर्षं एकच चित्र! नदी, दोन दगडी पायऱ्या आणि पाण्यावर वाकलेलं पिवळ्या फुलांचं झाड. नवी जोडपी, पास झालेली पोरं, पेन्शनच्या फोटोला आलेले म्हातारे, सगळे त्याच झाडाखाली उभे राहून गेले. स्टुडिओवाले वैतागायचे, "अहो काका, एखादा डोंगर तरी काढा की!" काकांचं उत्तर ठरलेलं. "डोंगर मी पाहिलेला नाही. झाड पाहिलंय." आता अशा माणसापुढे कोण डोकं फोडणार?

काकांना मात्र त्या झाडाखाली दोन माणसं दिसायची. परकरातली ताई आणि तिच्या पाठीवर ते स्वतः. लहानपणाचं एवढंच काय ते त्यांच्यापाशी धड शिल्लक होतं. पण पडद्यावर माणसं काढायची नसतात, ती पुढे येऊन उभी राहतात. त्यामुळे ही दोघं कधी कुणाला दिसलीच नाहीत.

पुढे छापील पडदे आले आणि काका घरी बसले. माशा मारण्यातही माणूस किती पटाईत होणार! तेवढ्यात मुलांच्या दवाखान्याने नव्या वॉर्डची भिंत रंगवायला दिली, आणि काकांनी पहिल्यांदाच सगळं काढलं. झाड, झाडाची ढोली, पाणी, गुडघाभर पाण्यातली ताई, पाठीवर पोर. पोराचा चेहरा तेवढा कोरा ठेवला.

"काका, उद्या मुलं इथे आणायची आहेत," मुख्य नर्सबाई म्हणाल्या. "ह्या बिचाऱ्याला नाकडोळे कधी?"

"आज. बहीण माझा लहानपणचा फोटो घेऊन येतेय. स्वतःचं तोंड स्वतःला कुठे आठवतं?"

ताई आली ती गुडघ्याला शिव्या घालतच. वय सहासष्ट, पण जिभेची धार काही गेली नव्हती. "दोन जिने चढवलेस मला. चित्र भिकार निघालं तर बघ!" असं म्हणत तिने भिंतीकडे पाहिलं आणि सरळ झाडापाशी जाऊन उभी राहिली.

"हे झाड तू कुठे पाहिलंस?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? आपल्या जुन्या घराच्या मागे, नदीवर."

"ते पुलासाठी तोडलं. तू जन्मायच्या आधी दोन वर्षं."

काका हसले. "काहीतरीच काय! माझी चप्पल पाण्यात पडली, तू ती धरायला वाकलीस आणि तुझी वेणी भिजली. तिचं पाणी माझ्या पोटरीवर ठिबकत होतं. अजून गार लागतं मला!"

"पडली चप्पल. पण तुझी नव्हे."

"मग कुणाची?"

ताई बाकावर बसली. फोटोचं पाकीट तिने मांडीवर घट्ट धरलं होतं. "तुझ्या आधी एक होता," ती म्हणाली. "तीन वर्षांचा. झाड तोडलं त्याच महिन्यात तापाने गेला."

काकांना काही सुधरेना. छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि आपल्याला एक भाऊ होता हे त्याला आज कळतंय? बरं, गेलेल्या भावाचं दुःख करावं, तर त्याची ओळखच नाही. आणि पोटरी आपली असून तिच्यावरचं पाणी दुसऱ्याचं, हे कसं?

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"आईसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. त्याचे कपडेसुद्धा देऊन टाकले तिने."

"मग मला आठवतं कसं? अगं, मला आठवतंय ना!" काका चक्क ओरडले.

"मी सांगायचे म्हणून," ताई म्हणाली. "रोज, तुला झोपवताना. त्याचं नाव घ्यायची चोरी, मग तुझं घालायचे. बारा-तेरा वर्षांची पोर मी. कुणाला तरी सांगायचं होतं रे मला."

काकांना राग आला. खरंच आला. सगळी हयात ज्या एका झाडावर काढली तेही उसनं! पण ताईकडे पाहिलं, तेव्हा तिच्यावर रागवायचं की आईवर, की त्या पोरावर, हेच त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी जमतं तेच केलं. ब्रश उचलला.

"ठीक आहे. मग त्याचाच चेहरा काढू. त्याचा फोटो आहे?"

"एकही नाही."

"मग सांग. कपाळ कसं होतं?"

ताईने डोळे मिटले. "मोठं. डाव्या भुवईवर खोक."

"ती माझी," काका हळूच म्हणाले. "मी ओट्यावरून पडलो होतो."

"हो, खरंच की. कान सांगते. कान बाहेर आलेले."

"ताई, तेही माझेच."

"थांब रे जरा! घाई करू नकोस. आठवतंय मला." तिने पुन्हा डोळे मिटले. मग तिने डोळे उघडले तेव्हा ती घाबरलेली होती. "मला तूच दिसतोयस. मी जपून ठेवलंय असं समजत होते त्याला. तुझं नाव घालता घालता मीच पुसलं रे त्याला." आणि ती रडायला लागली, भर वॉर्डात, लहान मुलीसारखी.

काकांनी ब्रश ठेवला आणि तिच्याशेजारी बसले. या बाईला समजावायचं कसं, आणि समजावणारे आपण कोण, तेही त्यांना कळत नव्हतं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून. या वेळी माझं नाव घालू नकोस."

ताईने डोळे पुसले आणि अठ्ठावन्न वर्षांनी त्याचं नाव घेतलं. काका ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना काहीच आठवलं नाही, पोटरीवरचं ते गार पाणीसुद्धा.