एका बाजूने कोरा रुपया

माझं माहेर हदगावजवळ, मला दिलं लातूरला. मागच्या दिवाळीला परत निघताना मायने कुंकवाच्या करंड्यातून एक जुना, मोठा रुपया काढून माझ्या मुठीत कोंबला. "ऱ्हाऊ दे तुह्याजवळ," एवढंच म्हणाली. त्याच्या एका बाजूला सिंह होते, दुसरी बाजू सपाट, कोरी. मी तो देवघरात ठेवला.

पुढे धाकट्या भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. टांकसाळीत चुकून एकाच बाजूने छापलेली नाणी म्हणे लाखांना जातात. लगेच त्याचा फोन. "अक्का, त्यो रुपया घरचा हाय. घेऊन ये, न्हाईतर ह्या दाराला पाय लावू नको." उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा जुना गुण. पण त्या दाराआड माय होती, गुडघ्यांनी अधू, फोनवर काही ऐकू न येणारी. दार बंद म्हणजे माय बंद. मी रुपया घेऊन, त्याने बोलावलं तशी, आधी नांदेडला गेले.

तिथे भाऊ मला जुन्या नाण्यांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने आमचा रुपया वजनकाट्यावर ठेवला, मग तसलाच दुसरा ठेवला.

"टांकसाळीची चूक असती तर वजन पुरं भरलं असतं. नुसता छाप नसतो, धातू तेवढाच राहतो. हा हलका आहे." मग भिंग लावून म्हणाला, "चरे बघा. दगडावर घासलाय कुणीतरी."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "तूच घासला असशील. न्हाईतर बदलला." हदगावच्या बसमध्ये मी त्याच्यापासून चार बाकं पुढे जाऊन बसले. शेजारी बसले असते तर बस थांबवावी लागली असती.

माय तूर निवडत बसली होती. त्याने रुपया तिच्या सुपात टाकला आणि ओरडून विचारलं, कुणी घासला म्हणून. तिने तो तळहातावर उलटसुलट केला आणि चक्क हसली.

"म्याच की! तू जल्मलास तवा तुही बेंबी वर आलती. रुपया बांधला की आत जाती म्हणायचे. पर आतल्या बाजूचा छाप टोचायचा, तू लई रडायचास. मंग पाट्यावर घासून घासून गुळगुळीत केला. आता मी किती दिवसाची? तुही येवढी खूण बहिणीजवळ असावी म्हणलं."

मला वाटलं, आता तरी हा खाली बसेल, तिच्या पायाला हात लावेल.

"बांधायला दुसरं काही न्हवतं का?" तो म्हणाला. "लाखाची चीज घालवलीस!"

घासला नसता तर तो चारचौघांसारखा साधा रुपयाच राहिला असता, हे त्या शहाण्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी तोंड उघडणार तोच मायने सूप बाजूला सारलं आणि स्वतःच्या लेकरापुढे हात जोडले.

"चुकलं बापा माझं," ती म्हणाली. आणि त्याने तिला ते म्हणू दिलं.